उत्पादकाचे नाव व पूर्ण पत्ता

आधी माफी मागतो. लिहिण्याचा मला तसा काही अधिकार नाही. आमच्या घरात लिहिणं म्हणजे रजेचा अर्ज, रेशन कार्डावरच्या पत्त्यातली दुरुस्ती आणि गावाला पाठवायच्या पत्रिकांवरची नावं, एवढंच. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजात पाऊल टाकणारा घरातला पहिला. त्यामुळे मी काहीही लिहिलं तरी ते बरोबरच असणार असं घरी सगळे धरून चालतात. तपासणारं कोणी नाही याची मला नेहमी धास्ती वाटते. इथेही काही चुकलं असेल तर ते माझ्या अजाणतेपणामुळे, एवढं समजून घ्यावं.

आणि विषय तरी काय, तर पाकिटाची मागची बाजू. वजन, किंमत, महिना, पत्ता, तक्रारीचा नंबर. जी बाजू आपण कोणीच वाचत नाही, तिच्याबद्दल मी लिहायला बसलो आहे. ज्यांच्या घरात हे घडलं त्यांनी मला लिहायला सांगितलेलं नाही, मी त्यांना विचारलेलंही नाही. म्हणून इथे कोणाचंच नाव नाही.

माझं कॉलेज सकाळचं. दुपारनंतर मी वसईच्या पूर्वेकडच्या आचोळ्यातल्या एका छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचो. फ्लेक्स, व्हिजिटिंग कार्ड, बारशाच्या पत्रिका आणि सगळ्यात जास्त म्हणजे दुकानांची पत्रकं. नवीन किराणा दुकान उघडलं, मोबाइलवाल्याने सेल लावला, की ते आमच्याकडे येत. मालक मूळचे साताऱ्याकडचे. मला नावाने हाक मारत नसत, ‘बी.कॉम.’ म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मला फक्त एक गोष्ट शिकवली. ती कागदावर लिहून त्यांनी स्क्रीनच्या वर चिकटपट्टीने लावली होती: ‘किंमत टाकली की वजन टाकायचं. तेवढ्याच अक्षरात.’

त्यामागे एक प्रसंग होता. त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने पत्रकात तेलाच्या पाकिटाची किंमत भोपळ्याएवढ्या आकड्यात छापून घेतली होती आणि पाकीट किती मिलिलिटरचं ते कुठेच नव्हतं. लोक एक लिटर समजून आले. काउंटरवर भांडणं झाली, आणि मग वजनमापवाले साहेब तेच पत्रक हातात घेऊन दुकानात आले. पाकीटबंद मालाच्या जाहिरातीत किंमत सांगितली की आत माल किती तेही सांगावं लागतं, आणि दोन्हींची अक्षरं सारख्या आकाराची लागतात, हे त्या दिवशी गिऱ्हाइकालाही कळलं आणि आमच्या मालकांनाही.

“किंमत ओरडते ना,” मालक म्हणायचे, “मग वजनालापण तेवढ्याच आवाजात ओरडू दे.”

गंमत म्हणजे हा कायदा मी वर्गात लिहून घेतला होता. त्यावर पाच मार्कांची टीपही लिहिली होती. पण तो आपल्या घरातल्या प्रत्येक बिस्किटाच्या पुड्यावर छापलेला असतो हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवसापासून मला पुडे उलटे धरून वाचायची सवय लागली. आई म्हणायची, “खा की आता, परीक्षा आहे का त्याची?”

संक्रांत होऊन गेल्यावर, उन्हं कडक व्हायला लागली तेव्हा, एक बाई दुकानात आल्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. वसईच्या पश्चिमेकडच्या सांडोर गावाहून आल्या होत्या. मी त्यांना काकी म्हणू लागलो, तेच इथेही म्हणतो. काकींनी पिशवीतून दोन जुड्या काढून माझ्या की-बोर्डवर ठेवल्या. केळीच्या वाळक्या पानात घट्ट गुंडाळून केळीच्याच खोडाच्या सोपाच्या दोऱ्याने बांधलेल्या. मला वाटलं विड्या आहेत, किंवा पूजेचं काहीतरी.

“सुकेळी खाल्लीस कधी?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“कुठले तुम्ही?”

“कोकणातले. पण माझा जन्म इथलाच.”

“जन्म इथला आणि सुकेळी माहीत नाहीत.” त्या मालकांकडे वळून म्हणाल्या, “याला कशाला बसवलंय तुम्ही लिहायला?” मग मला म्हणाल्या, “आधी खा. मग लिही.”

मी खाल्लं. राजेळी केळं उन्हात वाळवून मधासारखं तपकिरी झालेलं, चिवट, आणि गोड असं की दाताला बराच वेळ लागून राहतं. साखर नाही, तेल नाही, काही नाही. फक्त केळं आणि ऊन.

काकींचं काम असं होतं. वसई पश्चिमेला एक मोठं नवीन दुकान झालं होतं, थंड हवेचं, टोपल्या घेऊन आपणच माल उचलायचा तसलं. पाडव्याच्या आधी ते एक पत्रक काढणार होते, त्यात एक पान इथल्या इथे बनणाऱ्या वस्तूंचं. काकींची सुकेळी त्यांनी चाखली होती आणि हवी म्हणून सांगितलं होतं. पण वाळक्या पानातली जुडी तशीच शेल्फवर ठेवता येत नव्हती. काकींनी मोबाइलवर त्या दुकानातल्या मुलीचा रेकॉर्ड केलेला निरोप ऐकवला.

“मॅडम, लेबलवर नेट वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना आणि वर्ष, हिरवा ठिपका, फूडचा नोंदणी नंबर, बनवणाऱ्याचं नाव, फुल अॅड्रेस आणि कस्टमर कंप्लेंटसाठी नंबर, एवढं सगळं पाहिजे. लेबल नसेल तर पत्रकातपण नाही आणि शेल्फवरपण नाही. सॉरी हां मॅडम, आमचं ऑडिट होतं.”

मी फाइल उघडली आणि एकेक रकाना भरत गेलो. नोंदणी काकींच्या नावाची होती. ती कशी, तर घरात ऑनलाइन अर्ज भरायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी “आधार कार्ड द्या” म्हटल्यावर पटकन सापडलं ते काकींचं. नोंदणी नंबर लिहिला. घटक: राजेळी केळी. मग आलं उत्पादकाचं नाव.

“उत्पादक म्हणजे बनवणारा ना?” काकींनी विचारलं.

“हो.”

“बनवते मी.”

“मग तुमचंच नाव.”

त्या थोडा वेळ स्क्रीनकडे पाहत राहिल्या. तिथे नुसतीच रिकामी चौकट होती.

“तसं लिहिता येतं?” त्यांनी विचारलं.

मग त्यांनी मला एक सांगितलं. वसईच्या बाजारात एका दुकानात त्या काहीतरी घ्यायला गेल्या होत्या. दुकानदार नवा होता, त्यांना ओळखत नव्हता. त्याने समोर सुकेळी धरली आणि म्हणाला, ताई, ही न्या, अमक्यांच्या घरची आहेत, डोळे मिटून घ्या. अमके म्हणजे काकींचे सासरे, जे कधीच वारले होते. काकींनी ती आदल्या आठवड्यात स्वतः सोलून, वाळवून, बांधली होती. “आणि मी घेतली की,” काकी म्हणाल्या. “काय बोलणार? त्याचं काय चुकलं होतं?”

वसईत छपाईची दुकानं पुष्कळ आहेत. मी विचारलं, इतक्या लांब का आलात. काकी हसल्या. “वसईत कोणाकडेही गेले असते तर छापायच्या आधी भाऊंना फोन गेला असता.”

भाऊ म्हणजे त्यांचे मोठे दीर. वाडी एकत्र होती आणि ती भाऊच बघायचे. राजेळीचा कोणता घड कधी उतरवायचा, कोणाला किती द्यायचा, सगळं त्यांच्या हातात. त्यांनी घड दिला नाही तर काकींचा वाळवणाचा मांडव रिकामा. म्हणून काकी एवढंच म्हणाल्या, “नावाचं तेवढं कोरं ठेव. रविवारी घरी ये, वजन तिथेच करू. जे व्हायचं ते त्यांच्यासमोर होऊ दे.”

मला खरं तर जायचं नव्हतं. दुसऱ्यांच्या घरात, त्यांच्या थोरांसमोर, मी कोण नियम सांगणारा? पण मालक म्हणाले, “जा रे बी.कॉम. तुझाच सब्जेक्ट आहे.”

सांडोरला मी पहिल्यांदाच गेलो. आमच्या आचोळ्यात एका इमारतीच्या खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसते, आणि इथे रिक्षातून उतरलो तर दोन्ही बाजूंनी केळीच केळी. घराच्या मागे बांबूचा मांडव होता, त्यावर चटया, चटयांवर सोललेली केळी ओळीने, वरून माश्यांसाठी बारीक जाळी. काकी आणि वाडीत कामाला येणाऱ्या दोघी जणी एकेक केळं उलटत होत्या. संध्याकाळी ती गोळा करून पानात झाकून ठेवायची, रात्रभर त्यांना घाम येतो, सकाळी पुन्हा उन्हात. असं पूर्ण वाळेपर्यंत. काकींचे यजमान ओट्यावर पेपर वाचत होते. ते मुंबईला नोकरीला जात, रविवारी घरी. मला म्हणाले, “ये ये. पण मला काही विचारू नकोस, भाऊ आहेत.”

भाऊ आतून वजनकाटा घेऊन आले. साठी ओलांडलेले, पांढरा बनियन, कानाला थोडं कमी ऐकू येत असावं, कारण ते जरा मोठ्याने बोलत. घरातली माणसं आपसात बोलली की मला निम्मं कळत नव्हतं, त्यांची बोली वेगळी. माझ्याशी मात्र भाऊ अगदी पुस्तकी बोलले.

“आचोळ्याहून आलात? नियम घेऊन?”

“हो काका.”

“कॉलेजात केळी शिकवतात काय आता?”

“नाही काका. वजनमापं शिकवतात.”

“मग करा वजन.” त्यांनी जुडी काट्यावर ठेवली. “हे घ्या. अडीचशेच्या वर आहे.”

मी घाबरत सांगितलं की नेट वजन म्हणजे नुसत्या मालाचं, वेष्टन सोडून. पान काढून तोलावं लागेल.

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवाचे कपडे काढायला सांगितले. “पान म्हणजे वेष्टन? प्लास्टिक आहे काय ते? ह्या पानात राहूनच ते सुकेळं होतं. पान काढलंत तर ते नुसतं वाळलेलं केळं. आमच्याकडे कायम पानासकट तोलतात. बापजाद्यांपासून.”

मला त्यांचं म्हणणं पटत होतं हे मी कबूल करतो. पान म्हणजे माल की वेष्टन, हे ज्यांनी नियम लिहिला त्यांनी सांडोरला येऊन पाहिलं नसणार. पण पत्रकात लोक जे वाचणार ते किती खायला मिळणार म्हणून वाचणार, आणि पान कोणी खात नाही. मी हे शब्दांत नीट सांगू शकलो नाही. काकींनीच सोडवलं. “भाऊ, दोन सुकेळी जास्त घालते. पानाशिवायच अडीचशे भरू दे. मग पान आपल्याकडून.”

“पान आपल्याकडून,” भाऊ पुन्हा म्हणाले. हे त्यांना आवडलं असावं. गिऱ्हाइकाला पान फुकट देणं हा मोठेपणा झाला, वजनातून वजा करणं हा नव्हे. काट्याचा प्रश्न मिटला.

मग मी लॅपटॉप उघडला आणि कोऱ्या चौकटीवर आलो. काकी मांडवाजवळच उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं, “भाऊ, इथे बनवणाऱ्याचं नाव लागतं. नोंदणी माझ्या नावची आहे. तर माझंच घालावं म्हणते.”

भाऊंना राग आला नाही. त्यांना ते बोलणंच नीट कळलं नाही असं मला वाटलं. “तुझं कशाला?” ते म्हणाले. “बाबांचं घाला. अहो, वसईच्या बाजारात त्यांचं नाव कोणाला माहीत नाही? नाव बघूनच माल उचलतात.”

“काका,” मी माहीत असूनही विचारलं, “ते हयात आहेत?”

“नाव हयात आहे,” भाऊ म्हणाले. “घाला.”

काकी पुन्हा केळी उलटायला लागल्या. तक्रारीसाठी नंबर भाऊंनी स्वतःचा दिला, तोच बाजारातल्या सगळ्यांकडे होता. वारलेल्या माणसाला उत्पादक म्हणून लिहिता येत नाही असं मला वाटत होतं, पण तसं सांगणारी ओळ मला नेमकी आठवत नव्हती, कारण असा प्रश्न कोणाला पडेल हे माझ्या पुस्तकाला सुचलेलंच नव्हतं. आमच्या भागात निम्म्या दुकानांच्या पाट्यांवर वारलेल्या वडिलांचीच नावं आहेत. पाटी वेगळी आणि ही चौकट वेगळी, एवढं मला जाणवत होतं. मी सांगितलं तसं टाइप केलं, आणि नमुन्याचं लेबल त्या मोठ्या दुकानातल्या मुलीला पाठवलं गेलं.

त्या रात्री जेवताना मी वडिलांना विचारलं. ते वालीवच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहेत. दिवसभर खोके भरतात, चिकटपट्टी लावतात. मी म्हटलं, “बाबा, तुमच्या खोक्यावर बनवणाऱ्याचं म्हणून कोणाचं नाव असतं?”

“कंपनीचं.”

“पण भरता तर तुम्ही.”

“मग? माझं नाव टाकलं तर लोक घरी येतील की भांडायला.” ते हसले. मग घास घेता घेता थांबून म्हणाले, “बघितलं नाही मी कधी. उद्या बघतो काय लिहिलंय ते.”

मला झोप येईना. वडील गमतीत बोलले होते, पण खरी गोष्ट तीच होती. ती चौकट मान देण्यासाठी नाहीच. पत्ता पूर्ण हवा, नंबर चालू हवा, ते कशासाठी? उद्या कोणाच्या दाताला खडा लागला, कोणाला वास आला, तर कोणाच्या दारात जायचं ते कळावं म्हणून. भाऊंना वाटत होतं ही पाटी आहे. काकींना काय वाटत होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना मान हवा होता असं मी धरून चाललो होतो.

पुढच्या रविवारी मी छापलेले नमुने घेऊन पुन्हा सांडोरला गेलो, वाळक्या पानावर लेबल चिकटतं का ते बघायला. भाऊ मांडवाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ऐकू कमी येत असल्याने ते फोन नेहमी स्पीकरवर घेत, त्यामुळे जे झालं ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

“नमस्कार, मी दुकानातून बोलतेय.” तीच मुलगी होती. “नवीन लेबल आलं की आम्ही त्यावरच्या नंबरवर एकदा फोन करून बघतो, चालू आहे ना म्हणून. मला जरा उत्पादकांशी बोलायचं होतं.” तिने भाऊंच्या वडिलांचं पूर्ण नाव घेतलं.

“ते नाहीत,” भाऊ म्हणाले.

“बरं, कधी येतील?”

भाऊंनी घसा साफ केला. “ते वारले.”

“अरे देवा. सॉरी काका, खूप वाईट वाटलं. कधी झालं हे?”

“झाली बरीच वर्षं.”

तिकडून कागद उलटल्याचा आवाज आला. मग ती मुलगी अगदी मऊपणे म्हणाली, “पण काका, पॅकिंगचा महिना तर हाच आहे.”

ओट्यावर काकींच्या यजमानांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर हलत होता. कामाच्या बायांपैकी एक जण पदर तोंडात धरून केळीच्या आड गेली. भाऊंनी माझ्याकडे रोखून पाहिलं, जणू फोन मीच लावला होता.

“काका, असं नाही चालणार हो,” ती मुलगी पुढे बोलत होती. “उद्या कोणी तक्रार घेऊन आलं तर मी कोणाला विचारू? सध्या बनवतं कोण?”

भाऊ उठले. त्यांनी फोन काकींच्या हातात दिला नाही. मांडवाच्या कडेवर, चटईच्या बाजूला ठेवला आणि दोन पावलं मागे झाले. काकींचे हात चिकट होते, त्यांनी ते साडीला पुसलेही नाहीत. तशाच फोनवर वाकल्या.

“मी बनवते,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, तुमचं पूर्ण नाव सांगाल?”

काकींनी सांगितलं. स्वतःचं, यजमानांचं, आडनाव. एकेक शब्द सावकाश, शाळेत नाव घालताना बाई विचारतात तेव्हा सांगतात तसं. त्यांचं स्वतःचं नाव मी कागदावर वाचलं होतं, पण त्या घरात कोणाच्या तोंडून ऐकलं ते तेव्हाच.

“आणि काही तक्रार आली तर?”

“मला विचारा. ऊन कमी पडलं असेल, पान ओलं राहिलं असेल. जे असेल ते मीच सांगू शकेन. दुसरं कोण सांगणार?”

“ठीक आहे मॅडम. मग लेबल दुरुस्त करून पाठवा. या आठवड्यात हां, पत्रक छापायला जातंय.”

फोन बंद झाला. भाऊंनी मांडवावरचा फोन उचलून घेतला. मग म्हणाले, “पाहिजे कशाला ते दुकान? बाजारात जातात ती काय कमी आहेत?”

“बाजारात जातातच आहेत,” काकी म्हणाल्या. “भाऊ, बाबांचं नाव वर राहू दे. मोठ्या अक्षरात. ते खोटं नाही, घर त्यांचंच आहे. पण मागे, जिथे बनवलं कोणी म्हणून विचारतात, तिथे माझं.”

“मागे कोण वाचतंय?”

“कोणीच वाचत नाही ना? मग तुम्हाला काय अडचण?”

काकींच्या यजमानांनी या विषयावर पहिल्यांदाच तोंड उघडलं. “भाऊ, ती बरोबर बोलतेय,” ते म्हणाले, आणि एवढं बोलून जणू दमून पुन्हा पेपर वर केला.

भाऊ विहिरीकडे निघून गेले. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. काकी मला म्हणाल्या, “दोन्ही करून ठेव. माझ्या नावाचंही आणि पहिलंही. ते सांगतील तेव्हा पाठवू. त्यांना डावलून मला नको. वाडी त्यांच्या हातात आहे, उद्या घड दिला नाही तर मी पाठीमागे नाव छापून काय वाळवू?”

मी निघताना धीर करून विचारलं, “काकी, नाव हवं ते मान म्हणून का?”

त्या हसल्या. “मान कसला रे? एकदा एका बाईला सुकेळी आंबट लागली. तिने भाऊंना सांगितलं. भाऊंनी तिला दुसरी जुडी दिली आणि विषय संपला. मला कोणी सांगितलंच नाही. मी पुढचा सगळा मांडव तसाच वाळवला. मला कळायला नको?”

हे मला परत येताना रिक्षात सारखं आठवत होतं. जाहिरातीत खोटं बोलू नये हे तर सगळेच सांगतात. पण तो कायदा त्याहून थोडं जास्त मागतो, म्हणतो की अर्धंही बोलू नका. किंमत सांगितलीत तर वजन सांगा, वस्तू सांगितलीत तर माणूस सांगा. आणि माणूस सांगायचा तो ज्याच्यापर्यंत बोलणं पोचायला हवं तोच. मी हे पाच मार्कांच्या टिपेत लिहिलं असतं तर सरांनी खाली रेघ मारून ‘विषयांतर’ लिहिलं असतं. कदाचित ते बरोबरही असतील.

कॉम्प्युटरवर दोन फाइली शेजारी शेजारी पडून होत्या. वरचा भाग दोन्हींचा सारखा, काकींच्या सासऱ्यांच्या नावाचा. ‘निव्वळ वजन’ आणि किंमत एकाच मापाच्या अक्षरात. फरक फक्त मागच्या चौकटीत. मालक रोज विचारत, “बी.कॉम., कुठली छापायला सोडू?” आणि मी रोज म्हणे, “थांबा, निरोप आला नाही.” दुकानातल्या मुलीचा एकदा फोन येऊन गेला. मी काकींना फोन केला तर त्या म्हणाल्या, “विहिरीचा पंप दुरुस्त करतायत. बोलत नाहीत.” दुसऱ्यांदा म्हणाल्या, “घड उतरवलाय आज. पण कोणासाठी ते सांगितलं नाही.”

मग माझी परीक्षा आली. मी मालकांना सांगून काम थांबवलं. अभ्यास करत होतो, पण पुस्तकात ‘उत्पादक’ हा शब्द आला की माझं लक्ष उडायचं. दुकानाच्या पत्रकाचा दिवस टळून गेला असणार, असं मी मनाशी धरलं. विचारायला फोन उचलायचो आणि ठेवून द्यायचो. माझा काय संबंध, असंही वाटायचं. काकींचा फोन आला नाही, तेव्हा उत्तर नकारच असणार असं मी समजलो.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी कॉलेजच्या फाटकाबाहेर उभा असताना मालकांचा फोन आला.

“काय रे, पेपर कसे गेले?”

“बरे गेले.”

“तुझे ते सांडोरचे काका येऊन गेले.”

“कोण? भाऊ? काकींबरोबर?”

“एकटेच. कधीच येऊन गेले, तुझी परीक्षा होती म्हणून सांगितलं नाही. रिक्षा थांबवून ठेवली होती बाहेर. म्हणाले, ती फाइल दाखव. चष्मा आणला नव्हता, म्हणाले वाच. मी सगळं वाचलं. वरचं नाव, वजन, किंमत, महिना. मागचं काकींचं नाव वाचलं तर म्हणाले, परत वाच. परत वाचलं.”

“मग?”

“मग म्हणाले, बरोबर आहे. पण नंबर चुकलाय.”

“नंबर त्यांचाच आहे,” मी म्हणालो. “त्यांनीच सांगितला होता.”

“तेच मी म्हटलं त्यांना. तर म्हणाले, तिचा टाक. मला फोन करून काय उपयोग, मी काय सांगणार. खिशातून चिठ्ठी काढली, त्यावर काकींचा नंबर लिहून आणला होता.”

“रागाने म्हणाले का हो?”

“अरे, मशीन चालू होतं, मी काय त्यांचं तोंड बघत बसलो? नंबर बदलला आणि सोडलं. लेबलं त्याच संध्याकाळी नेली त्यांनी. दुकानाचं पत्रकपण आलंय कधीच, इथे माझ्या टेबलावर आहे. तुझ्या काकींचं नाव आहे त्यात, खाली, बारीक. पण आहे.”